लहान मुलाचा वाढदिवस

शंभर वर्षांपूर्वींच्या पुण्यांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या घराचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. माजघरांत पाट मांडला आहे, पाटाभोंवतीं रांगोळी काढली आहे, आणि त्या पाटावर तीन वर्षांचा एक मुलगा नवी टोपी सांवरीत बसला आहे. सकाळींच आईनें त्याला तेल-उटणें लावून ऊन पाण्यानें न्हाऊं घातलें. आजीनें कपाळावर कुंकवाचा टिळा रेखून वर अक्षता लावल्या. आतां आई तबकांत निरांजन, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन पुढें येते. अंगठी व सुपारी मुलाच्या तोंडाभोंवतीं फिरवते, निरांजनानें ओंवाळते, आणि मुलगा उठून देवाला व घरांतील वडील माणसांना वांकून नमस्कार करितो. प्रत्येकाच्या तोंडून एकच आशीर्वाद निघतो : औक्षवंत हो! मग पानावर खीर पडते आणि समारंभ आटोपतो. सारें पाव तासाचें काम; पाहुण्यांची गर्दी नाहीं कीं मोठा खर्च नाहीं.

लढायांचीं वर्षें आणि तहांचीं कलमें शाळेंत पाठ करून घेतलीं जातात. पण ह्या पाटाचा, निरांजनाचा आणि खिरीच्या वाटीचा इतिहास कोणी शिकवीत नाहीं. तो घरांतल्या घरांत, आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे चालत आला. तथापि तो क्षुल्लक नाहीं. आशीर्वाद देतांना विद्या, धन, कीर्ति हें सर्व बाजूस ठेवून घरांतील प्रत्येक मोठें माणूस त्या बालकासाठीं आधीं आयुष्यच कां मागतें? ह्या एका प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे तीनशें-चारशें वर्षांचा समाजाचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

प्रथम शब्दच पाहावा. इंग्रज ज्याला जन्माचा दिवस म्हणतो, त्याला उत्तर भारतांत वर्षगांठ किंवा फारसी शब्दानें सालगिरह म्हणतात. दोन्ही शब्दांत गांठ आहे. मुलाच्या नांवानें एक दोरा राखून ठेवावयाचा आणि वर्ष पुरें झालें कीं त्याला एक गांठ मारावयाची, अशी ती चाल. मोंगलांच्या जनानखान्यांतही ती पाळीत असत. मराठीची दृष्टि जन्मावरही स्थिरावली नाहीं आणि गांठीवरही नाहीं. मराठी माणूस 'वाढदिवस' म्हणतो. मूल वाढलें, हा त्यांतला आनंद आहे. संस्कृत ग्रंथांत ह्याच विधीला 'वर्धापन' आणि 'अब्दपूर्ति' अशीं नांवें आहेत. एकांत वाढ आहे, दुसऱ्यांत वर्ष पुरें होणें आहे. नुसतें वर्ष पुरें होणें ही उत्सव करण्यासारखी गोष्ट वाटावी, ह्यांतच पुष्कळ अर्थ भरला आहे.

ह्या विधीचें वर्णन दोन प्रसिद्ध धर्मग्रंथांत सांपडतें. पहिला 'निर्णयसिंधु'. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टांनीं तो १६१२ सालीं पुरा केला. दुसरा 'धर्मसिंधु'. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनीं तो १७९० च्या सुमारास रचला, आणि महाराष्ट्रांतील याज्ञिकांच्या घरीं पुढें तो प्रमाण मानला गेला. ज्या दिवशीं मुलाची जन्मतिथि येईल त्या दिवशीं तिळाचें उटणें लावून त्याला स्नान घालावें, नवें वस्त्र नेसवावें, आणि गुग्गुळ, कडुनिंब, पांढरी मोहरी, दूर्वा व गोरोचन यांची पुरचुंडी हातास बांधावी. मग तांदुळाच्या पुंजांवर देवतांची स्थापना करून पूजा करावी. कुलदेवता, जन्मनक्षत्र, आईबाप, सूर्य आणि गणपति हे त्यांत असतातच; परंतु विधीचा खरा मान आहे तो मार्कंडेयाला. त्याच्या जोडीला अश्वत्थामा, बलि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम यांची पूजा आहे. शेवटीं षष्ठीदेवीला दहींभाताचा नैवेद्य दाखवावा, आणि तीळ व गूळ घातलेलें अर्धी ओंजळ दूध मार्कंडेयाचें स्मरण करून प्राशन करावें. त्या दिवशीं नखें-केस कापूं नयेत, प्रवासास निघूं नये, मांस खाऊं नये, कलह करूं नये आणि कोणाची हिंसा करूं नये, असेंही सांगितलें आहे.

ह्या देवतांची निवड कोणत्या हेतूनें झाली असावी? विद्येची देवता सरस्वती, धनाची लक्ष्मी. त्या येथें मुख्य नाहींत. येथें मानाचे पाट मांडले आहेत ते सात चिरंजीवांसाठीं आणि आठव्या मार्कंडेयासाठीं. म्हणजे ज्यांना मरण शिवलें नाहीं, असे आठ जण मुलाच्या वाढदिवसाला पाहुणे म्हणून बोलाविले आहेत. त्यांतही मार्कंडेयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सोळाच वर्षांचें आयुष्य घेऊन आलेला तो मुलगा. यमाचा पाश गळ्याशीं आला तेव्हां त्यानें शंकराच्या पिंडीला मिठी मारली आणि तो वांचला. मृत्यूच्या दारांतून परत आलेलें तें मूल आहे, म्हणूनच बालकाच्या वाढदिवसाचा तो अधिदेव ठरला. मराठी घरांत पत्र लिहितांना मुलाच्या नांवाआधीं 'चि.' अशीं अक्षरें घालण्याची रीत आहे. लिहिणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं. पण त्या दोन खुणांत वर्धापनविधींतील सारी प्रार्थना सामावली आहे.

आणखी एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. पहिलें वर्ष पुरें होईपर्यंत हा विधि दर महिन्यास जन्मतिथीला करावा आणि पुढें वर्षांतून एकदां करावा, असें शास्त्रकार सांगतात. म्हणजे पहिल्या वर्षांत महिन्या-महिन्याला वाढदिवस! एवढी घाई कशासाठीं? ज्याला वर्षाची खात्री नाहीं तो महिना मोजतो. पहिल्या बारा महिन्यांतील प्रत्येक महिना हा एकेक उंबरठा होता, आणि तो ओलांडल्याबद्दल देवाचे आभार मानावयाचे होते.

शास्त्रीबोवांच्या पोथींत जें आहे त्याहून अधिक बायकांच्या आचारांत आहे. ज्या घरीं पूजा सांगावयास भटजी येत नसे, त्या घरींही हे आचार होतेच. मूल जन्मल्यापासून पांचव्या दिवशीं पांचवी आणि सहाव्या दिवशीं सटवी पुजावयाची. पाटा-वरवंट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, कारण रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें आयुष्य लिहून जाते अशी समजूत. पोथींतील षष्ठीदेवी ती हीच. मग दृष्ट लागूं नये म्हणून गालावर तीट, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओंवाळून टाकणें, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हां तरी बोरन्हाण : काळें झबलें, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उंसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे यांचा वर्षाव, आणि तो गोळा करण्यासाठीं उडालेली शेजारच्या मुलांची झुंबड.

पण ह्या सगळ्या हौसेच्या खालीं एक भीति होती, ती नांवांवरून दिसते. एकामागून एक मुलें गेलीं म्हणजे पुढच्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, केरू, भिकू असें ठेवीत. हें मूल नव्हे, दगड आहे. आमचें नव्हे, भीक मागून आणलेलें आहे. केरांत टाकण्याच्या लायकीचें आहे. ह्याच्याकडे लक्ष देऊं नकोस, असें मृत्यूला बजावण्याची ती युक्ति होती. आईच्या मनाला मुलगा सोन्याहून मोलाचा. पण जगासमोर तिनें त्याला दगड म्हणावयाचें! जुन्या वंशावळींतून, देवस्थानांच्या याद्यांतून आणि शाळांच्या हजेरीपटांतून हीं नांवें शेंकड्यांनीं भेटतात. त्यांतील कितीतरी नांवांमागें न वाढलेल्या भावंडांचा इतिहास आहे.

ही भीति गरिबांपुरतीच होती असेंही नाहीं. राजवाड्यांत तिचें रूप अधिक दिमाखाचें होतें, इतकेंच. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'मध्यें बादशहाच्या तुलेचें वर्णन आहे. बादशहा स्वतः सोनें, रेशीम, अत्तर, धान्य अशा अनेक वस्तूंनीं आपली तुला करवीत असे आणि तें सर्व दानांत जाई. शहजाद्यांची तुला मात्र दोन वर्षांच्या वयापासून सुरू होई. पहिल्या वेळीं एकाच वस्तूनें तोलावयाचें आणि पुढें प्रत्येक वर्षीं एकेक वस्तु वाढवावयाची. तराजूच्या एका पारड्यांत तें दोन वर्षांचें बालक आणि दुसऱ्यांत दानाचा ढीग, हें चित्र मोठें बोलकें आहे. बादशहाच्या घरींही मुलाचें वजन वाढलें, हीच दान करण्याजोगी वार्ता होती.

मराठ्यांच्या इतिहासांत तर एका बालकाच्या जगण्यावर सगळें राज्य टांगलेलें होतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनीं तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें मुलगा झाला. आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या अर्भकाच्या नांवानें पेशवाईचीं वस्त्रें घेण्यांत आलीं. तेच सवाई माधवराव. एकीकडे राघोबादादा गादीसाठीं इंग्रजांची मदत घेऊन उभे, दुसरीकडे बारभाईंचें सारें राजकारण एका पाळण्याभोंवतीं फिरत होतें. त्या पाळण्यांत एखाद्या तापानें घाला घातला असता तर तहनामे, फौजा आणि वकिलाती यांचा काय उपयोग होता? मुलगा तीन वर्षांचा असतांना, १७७७ सालीं, त्याची आईही गेली. अशा मुलाचा प्रत्येक वाढदिवस म्हणजे कारभाऱ्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकण्याचा दिवस असला पाहिजे. पुढें १७९५ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, सवाई माधवरावांचा अंत झाला आणि गादीसाठीं जी ओढाताण सुरू झाली ती १८१८ सालीं राज्य जाईपर्यंत थांबली नाहीं.

ह्या भीतीच्या मागें आंकडे काय होते? जुन्या काळचे हिशेब नाहींत. पण ज्या काळीं हिशेब ठेवूं लागले, त्या काळचे आंकडे वाचून मन सुन्न होतें. १९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ बालमृत्यु नोंदले गेले. ह्या आंकड्यांत थोडी फुगवट आहे हें खरें. पुष्कळ जन्मांची नोंदच होत नसे, आणि गांवीं बाळंत होऊन तान्ह्या मुलासह शहरांत परत आलेल्या आयांच्या मुलांचे मृत्यु मात्र मुंबईच्या खातीं पडत. तरी ही सूट देऊनही जें उरतें तें भयंकरच आहे. एका खोलीच्या चाळींतील हवा, दूषित पाणी, हगवण, नाळ कापतांना झालेल्या अस्वच्छतेनें येणारा धनुर्वात, आणि आई गिरणींत कामाला गेली असतांना मूल निजून राहावें म्हणून त्याला चारलेली अफूची बाळगोळी, हीं त्याचीं कारणें होतीं. त्या चाळींत एखाद्या मुलाचा पहिला वाढदिवस आला म्हणजे शेजारणी गोळा होऊन कां ओंवाळीत असतील, हें वेगळें सांगावयास नको.

आंकड्यांना चेहरा नसतो. म्हणून दोन घरांकडे पाहावें. कल्याणच्या जोशी कुटुंबांतील आनंदीबाई चौदाव्या वर्षीं आई झाल्या. तो मुलगा दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वांचता, हें शल्य त्या कोंवळ्या आईच्या मनांत राहिलें, आणि त्यांतूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. समुद्र ओलांडून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झालें तेव्हां त्यांचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. दुसरें घर मुंबईचें. डॉ. भीमराव आंबेडकर आणि रमाबाई यांच्या पांच अपत्यांपैकीं चार लहानपणींच दगावलीं. धाकटा राजरत्न १९२६ सालीं गेला. राहिले ते एकटे यशवंतराव. ज्यानें पुढें देशाची घटना रचण्याचें काम शिरावर घेतलें, त्याच्या घरींही चार पाट असे रिकामे झाले होते.

मग हें चित्र पालटलें कसें? निरांजनानें आशा जिवंत ठेविली. पण मुलें वांचविलीं तीं पुष्कळ अंशीं सुईनें, साबणानें आणि स्वच्छ पाण्यानें. त्यांत पहिला मान मुंबईच्याच एका बालिकेचा आहे. इंग्लंडांत जेन्नरनें १७९६ सालीं गोस्तन देवीची लस टोचून पाहिली. ती लस हातोहात, म्हणजे एका टोचलेल्या मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, बगदाद-बसऱ्यावरून मुंबईस आली; आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यांत आली. भारतांत देवी काढलेली ती पहिली व्यक्ति. तिच्या दंडावरील फोडांतून पुढें इतर मुलांना लस मिळाली आणि तेथून ती देशभर पसरली. ज्या रोगाला लोक देवीचा कोप म्हणून शरण जात, त्याचा भारतांतील शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला. मुंबईंत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा इस्पितळ १८८६ सालीं सुरू झालें, परळचें वाडिया बालरुग्णालय १९२९ सालीं. सुइणीच्या विळ्याची जागा उकळलेल्या कात्रीनें घेतली. ह्यांतील प्रत्येक गोष्टीनें वाढदिवसांची संख्या वाढविली.

मूल वांचूं लागलें तसा त्याच्या जन्माच्या दिवसाचा हिशेबही पालटला. पूर्वीं वाढदिवस तिथीचा. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. म्हणून तिथीचा वाढदिवस इंग्रजी तारखेच्या मानानें कधीं अकरा दिवस अलीकडे येई, तर अधिक मास पडला कीं एकदम पुढें जाई. तिथि आणि तारीख यांची पुन्हां भेट होते ती बहुधा एकोणिसाव्या वर्षीं. अधिक मासांत जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस त्याच नांवाच्या निज मासांत करावयाचा. हा सर्व हिशेब घरच्या पंचांगावर चाले, आणि जन्मवेळ घटका-पळांसह पत्रिकेंत लिहिलेली असे. पण पत्रिका सर्वांच्या घरीं कोठून असणार? शेतकऱ्याच्या घरीं मुलगा 'प्लेगच्या सालचा', मुलगी 'मोठ्या पुराच्या आधींची', एवढीच नोंद.

इंग्रजी अमदानींत तारखेला महत्त्व आलें. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढें नोकरी, बढती आणि पेन्शन ह्यांसाठीं वयाचा दाखला लागूं लागला. १८८६ सालीं जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा झाला. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि १९२९ चा शारदा कायदा ह्यांमुळें तर मुलीचें खरें वय किती, हा कोर्टांतील वादाचा विषय झाला. नोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्यानें. मधल्या काळांत ही अडचण सोडविली ती गांवच्या शाळामास्तरांनीं. बाप मुलाला घेऊन येई. जन्मतारीख विचारली तर 'आपणच काय ती लिहा, गुरुजी' म्हणे. शाळा जूनमध्यें उघडत. मास्तर मुलाकडे एकदां नीट पाहत, वयाचा अंदाज बांधीत आणि १ जून अशी तारीख टाकून देत. ह्या एका सोयीमुळें महाराष्ट्रांतील असंख्य माणसांचा कागदोपत्रीं वाढदिवस १ जूनलाच पडतो. इतक्या मुलांना वाढदिवस देणारा मास्तरासारखा दुसरा दाता नसेल. मात्र त्या तारखेला घरीं आईनें कधीं निरांजन लावलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

तारखेचा वाढदिवस रूढ झाल्यावर त्याच्याबरोबर नवे आचारही आले. मुंबईच्या मराठी माणसाला शेजार होता पारशांचा. वाढदिवसाला सर्वांत अधिक मान देणारे लोक म्हणून इराण्यांचा उल्लेख ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस यानें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतच केला आहे. त्यांचेच हे वारस. दारांत तोरण, उंबऱ्यावर चुन्याची रांगोळी, सकाळच्या फराळाला शेवया आणि गोड दहीं. त्यांच्याही घरीं वाढदिवस दोन : एक पारशी रोजाचा आणि एक इंग्रजी तारखेचा. तिथि पाळावी कीं तारीख, हा पेंच शेजाऱ्यानेंही असाच दोन्ही पाळून सोडविला होता.

केक आणि मेणबत्त्या ह्या इंग्रजांबरोबर आल्या खऱ्या, पण त्यांचें माहेर जर्मनी. अठराव्या शतकांत तेथें मुलांच्या वाढदिवशीं केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावीत आणि पुढील वर्षासाठीं एक अधिक. ती एक अधिक मेणबत्ती म्हणजे पुन्हां आयुष्याचीच प्रार्थना! मराठी घरांत केक सहजासहजीं शिरला नाहीं. त्यांत अंडें असे. म्हणून हौशी गृहिणी शेगडीवर वाळूच्या आंचेंत रव्याचा केक भाजीत. आज सर्वत्र ऐकूं येणाऱ्या इंग्रजी वाढदिवसाच्या गाण्याची चालही मूळची शाळेंतील आहे. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत लुइव्हिल येथें पॅटी हिल ही बालवर्गाची शिक्षिका होती. तिच्या मुलांनीं सकाळीं नमस्कारादाखल म्हणावयाचें एक गाणें तिनें रचलें, बहीण मिल्ड्रेड हिनें त्याला चाल दिली, आणि तें १८९३ सालीं छापलें गेलें. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर मागाहून बसले.

ह्या नव्या रीतींतील एकच गोष्ट जुन्या माणसांना खटके. मेणबत्ती फुंकावयाची! मराठी घरांत दिवा विझला असें म्हणावयासही जुनीं माणसें धजत नसत. दिवा मालवावयाचा, शांत करावयाचा, त्याला निरोप द्यावयाचा. मुलाच्या तोंडासमोरील ज्योत मुलाकडूनच विझवावयाची, हें आजीला कसें रुचावें? पण घरांनीं ह्यावर वाद घातला नाहीं, तोड काढली. सकाळीं औक्षण आणि संध्याकाळीं केक. किंवा केकच्या आधीं पाटावर बसवून ओंवाळणें. काहीं घरांत वयाइतके कणकेचे दिवे. शास्त्रार्थानें जो प्रश्न सुटला नसता तो स्वयंपाकघरांत असा सुटला.

एक उणीव मात्र ह्या इतिहासांत झांकून ठेवूं नये. औक्षवंत हो, हा आशीर्वाद सर्व मुलांच्या वांट्यास सारखा आला नाहीं. पुष्कळ घरांत मुलग्याचा वाढदिवस होई आणि मुलीचा होत नसे. पाट एकच मांडला जाई आणि बहीण तबक धरून बाजूला उभी राही. काळ पालटला, तरी २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली ८९४ च भरल्या. जन्मूंच न दिलेल्या मुलींचे ते चुकलेले वाढदिवस आहेत. मृत्यूच्या भीतीनें ज्या समाजानें मुलाला दगड म्हणून लपविलें, त्याच समाजानें मुलीला जन्माआधींच दृष्टिआड करावें, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

तरीही जें साधलें तें लहान नाहीं. १९५१ च्या सुमारास भारतांत दर हजार जन्मांमागें सुमारें १४६ बालकें वर्ष पुरें करीत नसत. २०२० सालीं ही संख्या २८ वर आली होती, आणि महाराष्ट्रांत १६ वर. म्हणजे पूर्वीं ज्याची खात्री धरवत नसे, तो पहिला वाढदिवस आतां बहुतेक घरांत गृहीत धरला जातो. आई महिने मोजते तीं काळजीनें नव्हे, कौतुकानें. मुलाचें नांव दगडू ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाहीं. भीति गेली, आणि भीतीबरोबर तिची आठवणही गेली. मागें राहिला तो नुसता आशीर्वाद.

म्हणून आजही एखाद्या घरीं वर्षाच्या मुलाला पाटावर बसवितात, तें मूल निरांजनाच्या ज्योतीकडे हात पुढें करतें, आणि आजी तो हात हलकेंच मागें घेऊन औक्षवंत हो म्हणते, तेव्हां त्या शब्दांत पिढ्यान् पिढ्यांच्या आयांचें मागणें बोलत असतें. त्यांतील कितीकींना तें मिळालें नाहीं. कपाटांत मुलाच्या पत्रिकेशेजारीं त्याच्या लसींच्या नोंदीचें कार्ड ठेवलेलें असतें. आजीच्या आशीर्वादाला उत्तर देणारा कागद तोच आहे. वाढदिवशीं निरांजन लावण्यापूर्वीं तो एकदां उघडून पाहावा, आणि एखादी लस राहिली असेल तर ती त्याच आठवड्यांत द्यावी.